अंगाने बेताचे, तरी रक्तात साखर: रोजच्या खाण्यापिण्याबद्दल एक सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते कोथरूडला राहतात, वय ४६, हिंजवडीत संगणक क्षेत्रात नोकरी, घरात पत्नी, महाविद्यालयात जाणारा मुलगा आणि ७४ वर्षांच्या आई. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ६८ किलो, कंबर ९६ सेंटिमीटर. वार्षिक तपासणीत एचबीए१सी (रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी) ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) २१० आणि बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. ते लिहितात, "मला कोणी जाडा म्हणणार नाही, मला कसलेही व्यसन नाही, बाहेरचेही फारसे खात नाही. घरी अंडी चालत नाहीत, बाहेर कधीतरी खातो. आई म्हणते की आपले पूर्वापार जेवण जेवा, मुलगा प्रथिनांच्या पावडरीचा डबा पुढे करतो, कार्यालयातले मित्र दिवसातून दोनदाच जेवतात. मी नेमके काय खावे आणि काय प्यावे?"

मी गेली २६ वर्षे पुण्यात आहारसल्ल्याचे काम करते आणि अलीकडच्या काळात याच वर्णनाची माणसे माझ्याकडे सर्वाधिक येतात. म्हणून सुरुवात "मला कोणी जाडा म्हणणार नाही" या वाक्यापासूनच करते. भारतीयांसाठी बीएमआय, म्हणजे किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग, २३ च्या पुढे गेला की वजन जास्त समजतात आणि २५ पासून स्थूलता धरतात. आपला बीएमआय बरोबर २५ च्या उंबरठ्यावर आहे. त्याहून महत्त्वाची आहे ती कंबर. पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. हातपाय सडपातळ, चेहरा उतरलेला आणि पोट मात्र सदऱ्याच्या बटणांना ताण देणारे, ही आपल्याकडची ठरावीक ठेवण आहे. या विषयावरचे जगात नावाजलेले काम आपल्याच शहरात, रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केले. २००४ साली त्यांनी इंग्लंडमधील सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्यासह दोघांचे छायाचित्र 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केले होते. दोघांचाही बीएमआय २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या गावांतील मातांवर आणि बाळांवर १९९३ पासून सुरू झालेल्या त्यांच्या अभ्यासात तर असे दिसले की, आपली बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने बरीच लहान असूनही त्यांच्या अंगावरील चरबी त्या मानाने टिकून असते आणि उणीव पडते ती मुख्यतः स्नायूंत. तेव्हा वजनकाट्यावर विसंबू नका. शिंप्याची टेप घ्या आणि दर महिन्याच्या एक तारखेला बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता कंबर मोजा.

आता खाण्याकडे वळते. माझ्याकडे पहिल्यांदा येणाऱ्यांना मी रक्ताच्या अहवालासोबत मागील तीन महिन्यांची किराण्याची बिले आणायला सांगते. पुष्कळांना हे विचित्र वाटते, एका गृहस्थांनी तर "आपण आयकर खात्यात होता का?" असेही विचारले होते. परंतु "काल काय खाल्ले?" या प्रश्नाला माणूस प्रामाणिक उत्तर देत असला तरी त्याची आठवण तितकी प्रामाणिक नसते, डबा किती दिवसांत रिकामा झाला हे मात्र बिलावर छापलेले असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत २००० किलोकॅलरीच्या आहारासाठी रोजचे प्रमाण साधारण असे दिले आहे: धान्ये २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, दाणे आणि तेलबिया ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम. मिठाची रोजची मर्यादा ५ ग्रॅमची आहे. हे आकडे भिंतीवर चिकटवून काही साधत नाही, ते महिन्याच्या यादीत बसवावे लागतात.

आपल्या घरात चौघे आहेत. २७ ग्रॅम गुणिले चार गुणिले तीस म्हणजे महिन्याला सव्वातीन किलो, म्हणजेच सुमारे साडेतीन लिटर तेल, आणि यात साजूक तूप, लोणी व शेव-चिवड्यातले तेलही आले. माझा अनुभव असा की, चौघांच्या मध्यमवर्गीय घरात पाच लिटरचा डबा महिनाअखेरीपर्यंत पुरत नाही, शिवाय तूप वेगळेच. जास्तीचे तेल कुठल्याशा एका चमचमीत पदार्थात नसते, ते रोजच्या फोडणीत असते, कारण फोडणीचे तेल कोणी मोजत नाही, ते डब्यातून थेट कढईत ओतले जाते. म्हणून दर सोमवारी, तूप-लोणी वजा धरून, जास्तीत जास्त आठशे मिलिलिटर तेल एका बाटलीत काढावे आणि आठवडा त्यातच भागवावा. पहिले दोन आठवडे शनिवारी बाटली रिकामी होईल, तिसऱ्या आठवड्यापासून घरातील स्वयंपाकाचा हात आपोआप आखडतो. तेल शेंगदाण्याचे घ्यावे की करडईचे, यावर वाद घालत बसण्यात अर्थ नाही. आलटून-पालटून दोन्ही घ्या. तळणीतून उरलेले तेल पुन्हा तळणीला वापरू नका, एक-दोन दिवसांत भाजीच्या फोडणीत संपवा. बाहेरच्या वडापाव-भज्यांबद्दल माझी तक्रार चवीची नाही, दिवसभर उकळत राहणाऱ्या त्या कढईची आहे. वारंवार तापवलेल्या तेलात जे अपायकारक घटक वाढतात, त्यांच्यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २५ टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे, परंतु कोपऱ्यावरच्या गाडीवर ती कोण मोजणार?

मिठाचा हिशेब असाच करा. चौघांना महिन्याला ६०० ग्रॅम, म्हणजे एक किलोची पिशवी पन्नास दिवस चालली पाहिजे. लोणचे, पापड आणि फरसाण यांतले मीठ त्यातूनच वजा होते.

साखरेचा मुद्दा मात्र जरा थांबून पाहू या, कारण आपल्या अहवालाचे मूळ बहुधा तेथे आहे. बाहेरचे फारसे खात नाही असे आपण लिहिता, पण बाहेरचे पिता किती, हे लिहिलेले नाही. हिंजवडीला नोकरी करणाऱ्यांचा दिवस मला ठाऊक आहे: घरी सकाळी दोन कप, कार्यालयात यंत्रातला एक, चारच्या सुमारास मित्रांबरोबर खाली उतरून एक, आणि परतताना वाहतुकीच्या कोंडीने जीव मेटाकुटीला आला की वाटेतल्या अमृततुल्यात एक. प्रत्येक कपात दोन चमचे धरले तर दहा चमचे होतात. सपाट चमचाभर साखर सुमारे ५ ग्रॅम असते, म्हणजे ५० ग्रॅम साखर केवळ चहातून पोटात गेली. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत आणि जमल्यास पाच टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते. २००० किलोकॅलरीच्या आहारात ही पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम होतात. चहाबरोबर खारी किंवा क्रीमरोल असेल तर तो वेगळा. वाढलेल्या ट्रायग्लिसराइडचे खापर लोक नेहमी तुपावर फोडतात, परंतु शाकाहारी घरांतून मला ते साखर आणि मैद्यामुळे वाढलेले अधिक वेळा दिसते.

चहा सोडा असे मी पुण्यात कोणालाही सांगत नाही, कारण तो सल्ला कोणी पाळत नाही. दर दहा दिवसांनी अर्धा चमचा साखर कमी करा. जीभ हळूहळू सरावते आणि दोन महिन्यांनी पूर्वीचा चहा आपल्यालाच पाकासारखा लागेल. दिवसाचे कप तीनवर आणा. साखरेऐवजी गूळ घातल्याने सूट मिळत नाही, रक्तातील साखरेच्या दृष्टीने दोघे सख्खे भाऊ आहेत. जेवणाआधी आणि जेवणानंतर तासभर चहा टाळावा, कारण त्यातील टॅनिन अन्नातील लोह अंगी लागू देत नाही. हे आपल्यापेक्षा आपल्या पत्नीसाठी अधिक महत्त्वाचे आहे. उसाच्या रसाच्या पेल्यात आणि बाटलीबंद थंड पेयात सहा-सात चमचे साखर असते. घरच्या पन्ह्यातही हात सैल सोडला तर तेवढीच जाते. ताक, सोलकढी, लिंबू-मीठ घातलेले पाणी, वाळा घातलेले माठातले पाणी ही आपली खरी उन्हाळी पेये आहेत आणि ती स्वस्तही आहेत. फळ खावे, फळाचा रस पिऊ नये. बाजारात पेरू असताना तो सोडून परदेशी फळांच्या मागे धावण्याचे मला कोडेच आहे. आमरसाबद्दल विचारणार असालच, तर आंबा कापून जेवणात घ्या आणि त्या दिवशी एक पोळी कमी करा. रस आणि पुऱ्यांचा बेत वर्षातून दोनदा पुरे.

आईंच्या म्हणण्याकडे येते. पूर्वापार जेवणातले शहाणपण मला मान्य आहे. ताटाची डावी बाजू आठवा: मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, आणि उजवीकडे पातळ भाजी, सुकी भाजी, आमटी. मधे भात असे, पण ताट भाताचे नसे. मात्र दोन गोष्टी खरेपणाने सांगायला हव्यात. एक तर त्या ताटातली कोशिंबीर तेव्हाही चमचाभरच वाढली जाई. दुसरे म्हणजे जी पिढी ते जेवत असे, ती विहिरीचे पाणी ओढत असे आणि पर्वतीपासून शनिवारवाड्यापर्यंत सहज चालत जात असे. तेच जेवण खुर्चीत बसून दहा तास काढणाऱ्या माणसाला तसेच्या तसे पचणार नाही. म्हणून मांडणी पूर्वीची ठेवा आणि प्रमाण उलटे करा. निम्मे ताट भाजी आणि कोशिंबिरीने भरू द्या, पाव भाग उसळ किंवा घट्ट वरण आणि उरलेल्या पाव भागात पोळी, भाकरी किंवा भात. जेवताना क्रमही पाळा. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग पोळी आणि शेवटी भात. याच क्रमाने तेच पदार्थ खाल्ले तर जेवणानंतरची साखर कमी चढते, हे अनेक अभ्यासांत दिसलेले आहे.

भाकरीबद्दल एक सावधगिरी. ज्वारी-बाजरीत तांदळाच्या कित्येक पट तंतुमय भाग असतो, शंभर ग्रॅममागे सुमारे दहा ग्रॅम, आणि मी स्वतः रात्री भाकरीच खाते. परंतु २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाल्यापासून भाकरीला औषधाचा मान मिळाला आहे, आणि "मी तर फक्त भाकरीच खातो" म्हणणारे लोक थापलेल्या थोरल्या तीन भाकऱ्या खाऊन वर नाचणीची बिस्किटेही खातात. एका मोठ्या भाकरीत दोन पोळ्यांइतके पीठ असते. धान्य कोणतेही असो, ते मोजूनच खायचे.

आता मुलाने पुढे केलेल्या प्रथिनांच्या डब्याकडे. मुलाची चिंता रास्त आहे, उपाय मात्र घाईचा आहे. प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. आपल्याला सुमारे ५६ ग्रॅम. आपल्यासारख्या घरातला सरासरी दिवस मोजून पाहू या. सहा पोळ्यांतून १९, अर्धी वाटी कोरड्या तांदळाच्या भातातून ५, पातळ आमटीतून साडेचार, चहातल्या दुधातून ५ आणि भाज्यांतून ३. बेरीज ३६-३७ ग्रॅम. वीस ग्रॅम कमी पडतात आणि जी मिळतात त्यांतलीही निम्म्याहून अधिक धान्यातून येतात. ही तूट भरायला मोडाची एक वाटी उसळ सहा-सात ग्रॅम देते, वाटीभर दही पाचेक ग्रॅम, मूठभर फुटाणे सहा ग्रॅम, आणि आमटीत पाण्याऐवजी डाळ वाढवली तर आणखी दोन. पोळ्या सहावरून चारवर आणल्याने सहा ग्रॅम घटतील, त्यांची जागा तीस ग्रॅम पनीर किंवा कार्यालयातले एक उकडलेले अंडे घेईल. तांदळाच्या प्रथिनांत लायसिन हा आवश्यक घटक कमी असतो आणि डाळीत तो भरपूर असतो, म्हणून वरण-भाताची जोडी चांगली आहे. फक्त भातावर वरण असावे, वरणाचा रंग नव्हे. हे सगळे जमल्यावरही उणीव उरली तर पावडरीचा विचार करू. मूत्रपिंडाचा काही विकार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नका.

मिसळीबद्दल आपण विचारले नाही, पण पुण्यातल्या आहारतज्ज्ञाला ते टळत नाही. मोड आलेली मटकी हा उत्तम पदार्थ आहे. बिघडवतात ते वरचा कट, मुठीने घातलेले फरसाण आणि सँपल, म्हणजे जादा रस्सा, मागवत मागवत संपलेले चार पाव. कांदा-लिंबू जास्त, फरसाण चिमूटभर, पाव एक, सँपल नाही, अशी मिसळ महिन्यातून दोनदा खा आणि मन लावून खा. रविवारी सिंहगड चढून जाणाऱ्यांनाही हेच सांगते: वर पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही जरूर घ्या, दोन प्लेट कांदाभज्यांनी मात्र चढणीचा सगळा हिशेब वरच फिटतो.

दिवसातून दोनदा जेवावे की दर दोन तासांनी खावे, या वादाने महाराष्ट्रातली कित्येक घरे दुभंगलेली मी पाहिली आहेत. माझे मत साधे आहे. दोन्ही पद्धतींत ज्यांना फायदा झाला, त्यांचे बहुतेकांचे मधले अरबट-चरबट खाणे सुटले होते. आपल्याला तीन वेळा ठरलेले जेवण आणि पाच वाजता फुटाणे, शेंगदाणे किंवा एखादे फळ एवढे पुरेसे आहे. रात्रीचे जेवण साडेआठपर्यंत व्हावे आणि झोपेपूर्वी निदान दोन तास मोकळे राहावेत. घरी पोहोचायलाच साडेनऊ होत असतील तर पोळी-भाजीचा डबा कार्यालयातच सात वाजता खा आणि घरी येऊन एक वाटी मुगाचे कढण किंवा ताक घ्या. जेवणानंतर शतपावली घाला, पण शंभर पावलांवर थांबू नका. दहा-पंधरा मिनिटे रमतगमत चालल्याने स्नायू रक्तातली साखर लगेच वापरू लागतात आणि हा परिणाम जेवणानंतरच्या चालण्यात विशेष दिसतो.

पाणी किती प्यावे, याचा एक आकडा सर्वांना लागू पडत नाही. साधारण दोन ते अडीच लिटर, एप्रिल-मे महिन्यांत त्याहून जास्त, आणि लघवीचा रंग फिकट पिवळा राहील इतके. वातानुकूलित कार्यालयात तहान लागत नाही, म्हणून टेबलावर बाटली ठेवा. मुतखडा होऊन गेला असेल तर दिवसाची लघवीच अडीच लिटर व्हावी इतके पाणी लागते; हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर उलट पाण्यावर बंधन येते, तेथे डॉक्टर सांगतील ते प्रमाण. पाण्याच्या शुद्धतेबद्दल पुणेकरांना वेगळे सांगायला नको. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागांत गिया-बारे सिंड्रोम या नसांवर आघात करून हातपाय कमजोर करणाऱ्या आजाराची साथ आली, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला होता. हा जिवाणू दूषित पाण्यातून आणि कच्च्या राहिलेल्या कोंबडीच्या मांसातून पोटात जातो आणि उकळल्याने मरतो. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट थांबा आणि त्याच भांड्यात झाकून गार होऊ द्या. घरी आरओ यंत्र हवेच असे नाही. खडकवासल्याच्या पाण्यात क्षार मुळातच कमी असतात. विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर असतील, जसे बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यात असू शकतात, तर त्याचा विचार करा.

आईंविषयी दोन शब्द, कारण घरात एकाचा आहार बदलला की सर्वांचा बदलतो. आपल्यासाठी कमी केलेला भात त्यांच्यासाठी कमी करू नका. वयाच्या ७४ व्या वर्षी भीती साखरेपेक्षा स्नायू झिजण्याची असते, आणि दात व भूक दोन्ही कमी झाल्याने ही माणसे चहा-पोळी आणि दूध-भातावर येतात. त्यांना मऊ शिजवलेली मुगाची उसळ, मुगाचे घावन, नाचणीची आंबील, ताजे दही द्या. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. उतारवयात तहानेची जाणीवही मंदावते, म्हणून तांब्या समोर ठेवून भागत नाही, वेळेवर पेला हातात द्यावा लागतो. त्यांच्या एकादशीला साबुदाण्याऐवजी वरीचे तांदूळ, राजगिरा आणि दाण्याची आमटी करा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीत जे काही सत्त्व आहे ते दाण्याच्या कुटाचे. आपणही त्यांच्याबरोबर उपवास करत असाल तर हे आपल्यालाही लागू आहे.

बी-१२ आहाराने भरून येईल अशी आशा ठेवू नका. ते प्राणिज अन्नातच असते, आणि दोन कप दूध व कधीतरी बाहेर खाल्लेले अंडे एवढ्यावर आधीच कमी झालेली पातळी वर येत नाही. डॉक्टरांकडून गोळ्या किंवा इंजेक्शन घ्या. पुढे मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध सुरू झाले तर बी-१२ चे शोषण आणखी घटते, म्हणून ते आधीच कमी असल्याचे डॉक्टरांच्या कानावर घाला.

एचबीए१सी तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, त्याआधी नको. लाल रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि ही तपासणी त्या काळातली सरासरी दाखवते. महिन्याभरात आकडा हलला नाही म्हणून निराश होऊन सगळे सोडून देणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. तोपर्यंत कंबरेचे तीन आकडे, तेलाची बाटली कोणत्या वारी रिकामी झाली त्याची नोंद आणि किराण्याची तीन बिले एका पाकिटात ठेवा. पुढचा सल्ला ज्यांच्याकडून घ्याल त्यांच्यासमोर अहवालाबरोबर तेही उघडा.